पहिल्या धुण्याचं गाणं

आमच्या गाण्याबजावण्याच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माझ्याकडे तर जास्तच, कारण माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हणजे नागभीडातल्या एका पिठाच्या गिरणीमागची खोली! भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी रजई आणि कीबोर्डवर कायम पिठाचा थर. गिरणी सुरू झाली की गायिका थांबते, कोणाचा तरी गहू दळून झाला की पुन्हा प्रेम सुरू. झटकावं तर पीठ पुन्हा बसतं, तसेच हे किस्से. आज बसलोच आहोत गप्पा मारत, तर थोडे झटकतो.

*

आधी एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात पब्लिक खूश झालं की जागच्या जागी बक्षीस देतं, आणि देणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे माईकवर पुकारावं लागतं. नाटक थांबलं तरी चालेल, पण नाव थांबता कामा नये!

एका नाटकात म्हातारा बाप मरत होता. मी पेटीवर. अख्खा मंडप मुसमुसत होता. बाप म्हणाला, "पोरी, मी चाललो..." आणि माईक कडाडला, "या मरणावर खूश होऊन सायकल स्टोअर्सवाले रामूभाऊ यांच्याकडून सप्रेम बक्षीस!"

मेलेला बाप उठला, पुढे आला, रामूभाऊंना हात जोडले, बक्षीस खिशात घातलं आणि परत खाटेवर जाऊन पडला. मग डोळे मिटायच्या आधी हळूच माझ्याकडे वळून म्हणतो, "मी कुठवर मेलो होतो जी?"

*

तर सांगायचा मुद्दा, आमच्याकडे दुकानदाराला कलेत आपलं नाव यायची सवय आहे. फक्त ते चांगलंच यायला पाहिजे. आणि इथेच आमचे देवाजीभाऊ आडवे येतात.

देवाजीभाऊ आमचे गीतकार. अर्धी हयात नाटकांची गाणी लिहिण्यात गेली, पण पोस्टरवर नाव कधीच नाही. पोस्टरवर नटीचा फोटो, मालकाचा फोटो, मंडपवाल्याचासुद्धा फोटो! देवाजीभाऊ कुठे? तर खाली, जिथे पोस्टर चिकटवताना खळ लागते तिथे. माणूस हट्टी. त्यांचा एकच नेम, "जे झालं नाई ते मी लिहत नाई."

एका नाटकात त्यांनी लिहिलं की प्रेयसीच्या गावच्या रस्त्यावर खिळे फार, तिथं माझ्या काळजाचं पंक्चर झालं. दुसऱ्याच दिवशी बसस्टँडजवळचा पंक्चरवाला तणतणत हजर. "लोक हासून राह्यले माह्यावर! म्हनते का मीच खिळे टाकतो!"

देवाजीभाऊंनी शांतपणे विचारलं, "टाकतोस का?"

"टाकतो ना! पन ते गान्यात सांगाची काय गरज होती?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते हेच.

*

मग आला सिनेमा. गुलाबभाऊ राईस मिलवाले, पैसा त्यांचा, दिग्दर्शन त्यांचं, हिरो त्यांचा पुतण्या. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी ते इतक्यांदा बदललं की मला स्वतःला शेवटचं कोणतं ते आठवत नाही. पण एक गोष्ट त्यांनी कबूल केली होती. पोस्टरवर वरच्या बाजूला, हिरोच्या शेजारी, 'गीतकार : देवाजी'.

देवाजीभाऊंनी जे गाणं आणलं, ते त्यांच्या घरातलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी शांताबाईंसाठी लाल साडी घेतली होती. पहिल्याच धुण्यात तिनं रंग सोडला आणि सोबत भिजवलेला देवाजीभाऊंचा पांढरा सदरा गुलाबी झाला. दुसरा सदरा होता कुठे! महिनोन् महिने माणूस गुलाबी सदऱ्यात गावभर हिंडला. पोरं मागे लागायची, मित्र छेडायचे. आणि याला राग यायचा सोडून अंगावर मूठभर मांस चढायचं!

पेटीवर बोट ठेवून त्यांनी मला ओळ ऐकवली,

"पहिल्याच धुण्याला रे साडीनं सोडला रंग,
तुझ्या पांढऱ्या सदऱ्याला लागलं माझं अंग!"

मी खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. पलीकडे गिरणी चालू होती, तरी आला. गिरणीवाल्याच्या बायकोनं तर पट्टा बंद करून पुन्हा म्हणायला लावलं.

*

सिनेमातल्या साऱ्या साड्या दिल्या होत्या मुरलीसेठनं. फुकट. बदल्यात पडद्यावर मोठ्या अक्षरात 'वेशभूषा सौजन्य' आणि त्यांच्या दुकानाचं नाव. आता गुलाबभाऊंची अक्कल बघा, ही पाटी त्यांनी टाकली बरोबर गाण्याच्या आधी! म्हणजे पडद्यावर दुकानाचं नाव, आणि लगेच हिरोईन सांगते की साडीनं रंग सोडला!

मुरलीसेठ ट्रायल बघायला आले आणि स्टुडिओतच उभे राहून ओरडले, "गुलाबभाऊ, हे सौजन्य आहे का बेइज्जती? ते ओळ काढा, नाईतर माह्या साड्या वापस!"

अजून दोन सीन बाकी होते. साड्या गेल्या तर हिरोईन मध्यंतरानंतर काय नेसणार?

एवढ्यात रजई बाजूला सारून गावातले आणखी दोन कापडवाले आत आले. त्यांचं म्हणणं, गाणं आमच्याच दुकानावर आहे, लोक आमच्याकडेच बघतात! मुरलीसेठ गर्रकन वळले.

"तुमच्यावर? तुमच्या साड्या पाहून कोनी गानं लिहते का? जा बा घरी! हे गानं माह्याच साडीवर आहे!"

*

गुलाबभाऊ म्हणजे गाडी इकडेही वळवतील, तिकडेही. म्हणाले, "देवाजीभाऊ, शब्दच बदलाचे आहेत. साडीचा रंग पक्का आहे, असं करून टाका ना."

"साडीचा रंग पक्का असला तर सदऱ्याले काय लागन जी?"

"ते तुम्ही पाहा. गीतकार तुम्ही आहा."

देवाजीभाऊंनी पान थुंकलं, माझ्याकडून पेटी ओढून घेतली आणि जागेवर नवी ओळ गाऊन दाखवली,

"पहिल्याच धुण्याला रे गेला नाही रंग,
तुझा सदरा पांढराच, आपला काय संबंध!"

मुरलीसेठ उठून टाळ्या वाजवायला लागले. "हे बेस्ट झालं! हेच ठेवा!"

*

पण त्या ओळीत प्रेमच उरलं नव्हतं, तेव्हा मग सुचवलं गेलं की दोष साबणाला द्या. साडी चांगली, साबण खराब. मुरलीसेठ खूश. झालं, संध्याकाळपर्यंत गावभर पसरलं, आणि साबणाचा एजन्सीवाला स्कूटरवर वड्यांचं खोकं घेऊन आला. "माह्या साबनानं मळ निंगते, रंग निंगत नाई! धुऊन दाखवू का?" त्यानं खरोखर माझ्या कीबोर्डवरचं फडकं धुऊन दाखवलं. इतकं स्वच्छ फडकं त्या खोलीत त्याआधी कधी नव्हतं.

बरं, मग दोष नळाच्या पाण्याला द्या. रात्र सरायच्या आत पाणीपुरवठा कमिटीचे अध्यक्ष हजर. तेही हात जोडून नाही, बोट रोखून!

"आमच्या पान्याले नाव ठेवता? अरे, आमचा नळ येतेच कवा? त्याले रंग घालवाले टाईम कुठी आहे!"

शेवटी मीच म्हटलं, नदी घाला. नदी काही तक्रार करायला येत नाही. बाई नदीवर धुवायला गेली, नदीनं रंग नेला. ऐकायलाही गोड.

सगळे माना डोलवायला लागले. फक्त गुलाबभाऊंचा चेहरा पडला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "नदी नको बा. लोकाईले वाटन, माह्या मिलचं पानी तिथी जाते."

"जाते का?"

"तू वाजवनं पाह्य ना!"

*

हसण्यावारी नेतो आहे, पण त्या दिवसांत देवाजीभाऊंकडे बघवत नव्हतं मला. साडी, साबण, नळ, नदी, सगळ्यांना इज्जत होती. या माणसाची एक ओळ, तिलाच तेवढी नव्हती! एका दुपारी ते आले आणि म्हणाले, "गुलाबभाऊले सांगून दे. ओळ काढाची असन तर पोस्टरवरून माहं नावही काढ. खोट्या गान्यावर नाव नाई पाह्यजे मले."

ज्या नावासाठी आयुष्यभर वाट पाहिली, ते नाव! मला गलबलून आलं. त्यांनी मात्र कीबोर्डवरचं पीठ फुंकलं आणि निघून गेले.

*

शेवटची बैठक देवाजीभाऊंच्या अंगणात झाली. मुरलीसेठ, गुलाबभाऊ आणि मी बाजेवर. देवाजीभाऊंचा भाचा वनरक्षक, तो वर्दीतच चहाला आला होता. शांताबाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसल्या होत्या, मान खाली. तासभर तेच ते. देवाजीभाऊंची ती लाल साडी मुरलीसेठच्याच दुकानातली, त्यांचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हाची. मुरलीसेठचं एकच म्हणणं, "माह्या बापाच्या हातची इक्री होती ते! माह्या बापानं कधी कच्चा माल नाई विकला. तो वर जाऊन बसला अन् तुम्ही खाली गानं लावता?" बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, या माणसालाही खरंच लागलंय.

सूप थांबलं.

"मुरलीभाऊ," शांताबाई म्हणाल्या, "तुमच्या साडीचा रंग गेलाच नवता."

मुरलीसेठ बाजेवरून अर्धे उठले.

"हे नाटकवाल्याईसंग गावोगाव फिरत. लग्न होऊन वरीस झालं नवतं माहं. घरी राहावं म्हनून मीच यांचा सदरा पळसाच्या फुलात उकळला. म्हटलं, रंगलेल्या सदऱ्यानं जातीन कुठी! अन् नाव टाकलं साडीवर."

भाच्यानं कप खाली ठेवला. "मामी, फुलं कोनत्या जंगलातली तोडली?"

"तुह्या मामाच्या डोक्स्यावर उगवला होता पळस! चहा पे चुपचाप!"

मुरलीसेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे बाबाचा माल पक्का होता!" त्यांनी देवाजीभाऊंचे हात धरले. "देवाजीभाऊ, वाजवा तुमचं गानं. आता माही काही हरकत नाई. साडी बेकसूर आहे, बस!"

मला वाटलं, आता देवाजीभाऊच गाणं मागे घेणार. जे झालं नाही ते लिहीत नाही, असा हा माणूस! ते बायकोकडे बघत राहिले. म्हणाले एवढंच, "मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही इचारलं कुठी?"

मला सोडायला देवाजीभाऊ रस्त्यापर्यंत आले. कोपऱ्यावर थांबून म्हणतात, "पळसाचा रंग केसरी येते बे."

मी म्हटलं, "मग? तुमचा सदरा तर गुलाबी..."

"मंग काई नाई. बायको माह्यासाठी खोटं बोलली. तू गप राह्य." आणि असे हसले की विचारू नका.

*

इथे किस्सा संपायला हरकत नव्हती. पण मुरलीसेठ रस्त्यावरून परत फिरले, आणि त्यांच्यामागून आम्ही दोघंही पुन्हा अंगणात!

"बाई, ते साडी आहे का अजून?"

शांताबाईंच्या तोंडून खरं निघून गेलं. "आहे ना. ट्रंकेत जपून ठेवली. त्या एका धुन्यानंतर पान्यात घातलीच नाई."

"मंग सिनेमाच्या दिवशी सगळ्या पब्लिकसमोर धुऊ! गावाले पाहू द्या माह्या बापाचा माल!"

देवाजीभाऊ, शांताबाई आणि मी, तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. नाही म्हणावं तर भांडं फुटतं. हो म्हणावं तर भर मंडपात फुटतं!

सिनेमाचा खेळ संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात होता, नाटकाला घालतात तसाच मंडप घालून. गर्दी बम! पोस्टरवर देवाजीभाऊंचं नाव, हिरोच्या कानाला लागून. देवाजीभाऊ नव्या पांढऱ्या सदऱ्यात, मुरलीसेठच्याच दुकानातला. तोंड मात्र वरातीतून हरवलेल्या नवरदेवासारखं. शांताबाई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होत्या.

पडद्यासमोर स्टूल, स्टुलावर स्टीलची बादली. पाणी आणलं होतं खुद्द कमिटीच्या अध्यक्षांनी, आमचा नळ येतो हे दाखवायला. साबण एजन्सीवाल्याचा, कोरी वडी. आणि माईकवर गुलाबभाऊ.

"मंडळी! मुरलीसेठ यांच्या दुकानातली, शांताबाईची लग्नानंतरची पहिली साडी! पाहून घ्या पक्का रंग! पानी सौजन्य नळ कमिटी! साबन सौजन्य..."

मुरलीसेठनं बाह्या सारल्या. बापाचं नाव घेऊन वर बघत हात जोडले आणि साडी बादलीत बुडवली. वर केली, पुन्हा बुडवली, साबण फिरवला. पुढची पोरं स्टुलापाशी सरकली.

"मंडळी, पानी पाहा! एकदम... पानी..." गुलाबभाऊंचा माईक अडखळला. "पानी... पाहू नका मंडळी, साडी पाहा!"

बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं. फिकं नाही, लग्नातल्या सरबतासारखं चांगलं गडद.

एजन्सीवाला पुटपुटला, "पान्यातच काहीतरी आहे." अध्यक्ष म्हणाले, "तुह्या साबनात आहे!" मुरलीसेठ हातातल्या ओल्या साडीकडे बघत उभे होते. मग त्यांनी शांताबाईंकडे बघितलं. शांताबाईंनी मान खाली घातली. देवाजीभाऊ माझ्या शेजारी होते, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी मला पेटी वाजवता आली नाही.

मुरलीसेठनं गुलाबभाऊंच्या हातून माईक काढून घेतला. घसा साफ केला.

"मंडळी," ते म्हणाले, "बाकी दुकानाच्या साडीचा रंग एका धुन्यात खलास होते!" त्यांनी बादली दोन्ही हातांनी उचलून पब्लिकला दाखवली. "आमचा पाहा! म्हातारपन आलं, तरी निंगूनच राह्यला! गुलाबभाऊ, लावा गानं!"

मंडप नुसता कोसळला. शिट्ट्या, टाळ्या, कोणीतरी बक्षिसाचं नाव पुकारा म्हणून ओरडत होतं. पडद्यावर हिरोईन आली, माझा कीबोर्ड वाजला, त्यात मागून गिरणी अंधुक ऐकू येते ती मला एकट्याला कळते. पहिलं कडवं गेलं. आणि ती ओळ आली, एका अक्षराचा बदल नाही,

"पहिल्याच धुण्याला रे साडीनं सोडला रंग..."

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बघतो तर देवाजीभाऊ पडद्याच्या उजेडात, स्टुलापाशी, बनियनवर. हातात नवा कोरा सदरा. सगळ्या गावासमोर त्यांनी तो बादलीत बुडवला.

बायकांच्या बाजूनं शांताबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"अवो! नवा होता ना तो!"